वरच्या खोलीचा उजेड

मित्रांनो, तुम्ही संगणक पाहिला आहे, पण मला पाहिलेले नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. टेबलाखाली जो उभा डबा असतो, त्याच्या मागच्या बाजूला, जिथे धूळ आणि कोळी सोडून कोणी फिरकत नाही, तिथे एक लोखंडी पेटी स्क्रूने आवळलेली असते. तिला एक पंखा असतो आणि वायरींचा मोठा झुपका असतो. ती पेटी म्हणजे मी, एक जुना पॉवर सप्लाय. भिंतीतून येणारी वीज फार दांडगी असते. तशीच आत सोडली तर संगणकाचा कोळसा होईल. तिला माणसाळवायचे आणि आतल्या प्रत्येकाला सोसेल तेवढीच वाढायची, हे माझे काम. पंगतीत वाढणाऱ्याकडे जेवणाऱ्यांचे जेवढे लक्ष असते, तेवढेच माझ्याकडे असते.

तरी आज मी माझी कथा सांगतो आहे, कारण एका घरात मला बरेच महिने भूत समजले गेले. मला कोणी घाबरत होते असे नाही. एक माणूस तर माझ्याशी फार हळुवार बोलत असे. पण तो मला जी समजत होता ती मी नव्हतो, आणि हे त्याला सांगायला मला तोंड नव्हते.

माझा जन्म एका लांबच लांब टेबलावर झाला. एकाने माझ्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी बसवली, दुसऱ्याने वीज साठवून ठेवणाऱ्या बारक्या डब्या बसवल्या, तिसऱ्याने पंखा लावला. शेवटी एका मुलीने माझ्या पाठीवर चकचकीत कागद चिकटवला. त्यावर ठळक अक्षरांत 'पाचशे वॉट' हा ताकदीचा आकडा होता. खरे काय ते खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते, ते कोणी वाचत नाही. माझी खरी ताकद त्या आकड्याच्या निम्म्याहून थोडी जास्त, एवढीच होती. मला मात्र मोठ्या भावाचा सदरा अंगात घातल्यासारखे वाटले. आज ना उद्या तो आपल्याला नीट बसेल, अशी माझी समजूत होती. पण पेट्या काही मोठ्या होत नाहीत.

एके दिवशी दुकानात एक बाई आणि तिची मुलगी आली. बाईंनी संगणकाचा पडदा निवडायला अर्धा दिवस घालवला. की-बोर्डची बटणे दाबून पाहिली. संगणकाच्या आठवणीत किती मावेल, ते खोदून खोदून विचारले. माझी पाळी आली तेव्हा दुकानदार म्हणाला, "तो डब्याबरोबर येतोच." झाले, माझी निवड संपली.

बाईंच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांच्या नवऱ्याचे शिंपीकामाचे दुकान होते. त्यांना सगळे 'मास्तर' म्हणत. मागच्या बाजूला दोन खोल्या, आणि त्यातल्या लहान खोलीत बाई बसत. त्या घरांचे नकाशे काढायच्या. नुसत्या कागदावरच्या रेघा नाही, तर पडद्यावर भिंती उभ्या करायच्या, त्यांना दारे लावायच्या, खिडक्यांतून ऊन आत आणायच्या. मला पडदा दिसत नाही. कोण किती वीज मागतो, एवढेच मला कळते. भिंतीला थोडी लागते, दाराला थोडी लागते. उजेडाला मात्र फार लागते. खिडकीतून आलेला एक कवडसा फरशीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून छतावर कसा जाईल, हे काढायला संगणक दिवसभर धापा टाकत बसे. मध्येच वीज गेली तर काम पुन्हा सुरू व्हावे म्हणून बाईंनी त्याला शिकवून ठेवले होते, की वीज परत आली की कोणी बटण दाबायची वाट न बघता आपणहून जागे व्हायचे.

त्या वेळी संगणकात पडद्यावर चित्र काढणारे साधे कार्ड होते आणि मी त्याला पुरून उरत होतो. ते दिवस माझे सुखाचे होते. थंडीत बाई डब्याची पाठ आपल्याकडे वळवून घेत आणि माझ्या पंख्यापुढे पाय ठेवून बसत. माझी गरम हवा त्यांच्या तळव्यांवर आपटून परत माझ्यावर येई. काम करताना त्या गुणगुणत. ताण पडला की माझ्या पोटातली वेटोळीही बारीक आवाजात वाजतात. त्यामुळे त्या खोलीतून नेहमी दोन आवाज एकात मिसळून बाहेर जात. मास्तरांना ते एकच वाटत असत.

बाई शेवटचे जे घर काढत होत्या, ते त्यांचे स्वतःचे होते. खाली दुकान, मागे स्वयंपाकघर, आणि वर एक खोली. त्या वरच्या खोलीवरून नवरा-बायकोत चांगलीच जुंपली होती.

"वर कोण चढणार? माझे गुडघे बघ आधी," मास्तर म्हणत.

"अहो, आधी बघा तरी. बघितल्यावर बोला."

"मी नाही बघणार. तुझी खोली आहे, तू बस वर जाऊन."

त्यातच एकदा बाई टेप घेऊन भर दुपारी दुकानात गेल्या आणि मास्तरांचे कटिंगचे टेबल मोजू लागल्या. टेबलावर कुणाच्या तरी कोटाचे कापड मांडलेले, वर खडूच्या खुणा. मास्तरांचा हात हलला आणि ते उखडले. "गिऱ्हाईक उभं आहे आणि तुझं हे काय चाललंय? जा आत." बाई आत आल्या, खुर्चीत बसल्या, आणि बराच वेळ गुणगुणल्या नाहीत. मग काम सुरू झाले. त्या दिवशी वरच्या खोलीने माझ्याकडून वीज अशी काही ओढून घेतली की माझा पंखा संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

त्यानंतर काही दिवसांनीच बाईंच्या छातीत दुखू लागले. सकाळी भिंतीवरचे बटण त्यांनी लावले होते, संगणक सुरू केला होता. "तपासून येते, तोवर चालू दे हे," असे म्हणून त्या दवाखान्यात गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

चार दिवसांनी मुलीने संगणक बंद केला आणि भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. ही त्यांची एकुलती एक मुलगी, घरात तिला छकू म्हणत. ती दुसऱ्या शहरात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते.

"ते बटण राहू दे," मास्तर दारातून म्हणाले.

"बाबा, उगाच चालू राहील."

"राहू दे. तिने लावलंय."

मग खोलीचे दार ओढून घेतले गेले. मित्रांनो, तुम्हाला एक गोष्ट सांगतो. संगणक बंद केला म्हणून मी झोपत नाही. भिंतीवरचे बटण चालू असेल तोवर माझ्या एका बारीक वायरीतून वीज वाहतच असते. एवढीशी, एक हिरवा ठिपका पेटता राहील इतकीच. त्या बंद खोलीत खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवर बाईंची शाल होती, आणि जागा असा मी एकटा होतो. बाहेर मास्तरांचे मशीन चाले, थांबे, चाले. माझ्या पंख्यापुढे कोणाचे पाय नव्हते. मी वाट बघत होतो. मला वाट बघण्यापलीकडे काही येतही नाही.

एका दुपारी वीज गेली आणि थोड्या वेळाने आली. बाईंनी शिकवल्याप्रमाणे संगणक आपणहून जागा झाला. माझा पंखा फिरला, वेटोळी किंचित वाजली. बाहेर शिलाईचे मशीन एकदम थांबले. दार हळूच उघडले.

"बसलीस का कामाला?" मास्तर म्हणाले. "जेवून तरी घ्यायचंस."

ते आत आले नाहीत. उंबऱ्यापाशीच थोडा वेळ उभे राहिले आणि दार पुन्हा ओढून घेऊन गेले. कोणी हात लावला नाही की संगणक आपोआप झोपी जातो, तसा तो झोपला. मास्तरांना वाटले, काम संपवून ती उठली.

त्या भागात वीज वरचेवर जात असे. इतर लोक वीज कंपनीच्या नावाने बोटे मोडत. मास्तर मात्र वीज जाण्याची वाट बघू लागले. वीज आली की हातातली कात्री खाली ठेवत, माझा पंखा ऐकत, दाराशी येत. कधी सांगत, आज अस्तर आखूड पडले. कधी सांगत, छकूचा फोन आला होता. मला ते ऐकवत नसे. जिच्यासाठी ते बोलणे होते तिच्यापर्यंत ते पोचत नव्हते, मधल्या मध्ये मीच ते घेऊन बसलो होतो.

आणि एक दिवस माझ्या पंख्याची गरम हवा कशावर तरी आपटून परत आली. अगदी तशीच, तळव्यांवरून वळून आल्यासारखी. माझी वेटोळी थरथरली. बाई आल्या, असेच मला वाटले. मी मन लावून वारा घातला. मग वरून खोकल्याचा आवाज आला आणि तो मास्तरांचा होता. ते पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसले होते आणि तिने ठेवले असते तिथेच त्यांनी पाय ठेवले होते. त्यांना मी म्हणजे ती वाटत होतो आणि मला ते म्हणजे ती. आम्ही दोघेही फसलो होतो, पण दोघेही उठलो नाही.

पुढच्या सुटीत छकू आली आणि तिने खोलीचे दार सताड उघडले. "बाबा, आईचं घर आपण आतून फिरून बघू. चालत गेल्यासारखं दिसतं." तिने प्रयत्न केला, पण जुन्या कार्डाला ते झेपेना. चित्र अडखळायचे, गोठायचे. म्हणून त्याच्या पुढच्या खेपेला ती एक नवे, दणकट कार्ड घेऊन आली. आणण्यापूर्वी तिने डब्याची लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, कार्ड आत बसेल ना याची खात्री केली होती. माझ्या पाठीवरचा पाचशेचा आकडाही पाहिला होता. त्या कार्डाला वीज देण्यासाठी एक जाड वायर लागत होती आणि ती माझ्या झुपक्यात नव्हती. ते काम माझे नव्हतेच, म्हणून ती वायरही माझ्याकडे नव्हती. पण कार्डाच्या खोक्यात एक जोडवायर होती. छकूने माझ्या दोन किरकोळ वायरी त्या जोडवायरीत खोचल्या आणि काम भागवले.

"हं, बाबा, बघा. दार उघडलं. हे तुमचं दुकान. हे गिऱ्हाइकांसाठी बाकडं. आणि हा जिना. पायऱ्या किती उथळ केल्यात बघा, तुमच्या गुडघ्यांसाठी."

छकू पडद्यावरचा जिना चढू लागली आणि इकडे मला घाम फुटला. एकेका पायरीबरोबर कार्ड मोठा मोठा घास मागू लागले. वर खोली होती, खोलीत उजेड होता, आणि तो सगळा उजेड एका क्षणात मांडायला लागणारी वीज त्याला माझ्याकडून हवी होती. माझी वेटोळी किणकिणू लागली. दार उघडले तेव्हा त्याने जेवढे मागितले तेवढे माझ्याकडे नव्हतेच. अशा वेळी मी स्वतःला तोडून टाकतो. नाही तोडले तर मी जळेन आणि जाताना बाकीच्यांनाही घेऊन जाईन. पडदा काळा झाला.

"काहीतरी सैल असेल," छकू म्हणाली. तिने भिंतीवरचे बटण नाही, माझ्या पाठीवरचे बटण बंद करून पुन्हा लावले. पुन्हा दुकान, पुन्हा जिना, पुन्हा त्याच दाराशी अंधार. खाली कुठेही कितीही फिरा, काही होत नसे. वरच्या खोलीचे दार उघडले की सगळे बंद. तिने कार्ड काढून पुन्हा बसवले, धूळ पुसली, कार्डवाल्याला फोन केला. छकूचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. तरी पुढच्या वेळी त्या दाराशी आल्यावर तिचा हात थांबला, आणि तिने दार उघडायच्या आधीच मान वळवली.

"बघ," मास्तर शांतपणे म्हणाले. "ती म्हणत होती, बघितल्यावर बोला. मी म्हटलं, नाही बघणार. आता तीच मला बघू देत नाही."

मित्रांनो, त्या वेळी मला जे वाटले ते मी कसे सांगू? दार ती लावत नव्हती हो. दाराशी मी कोसळत होतो. बायको आपल्या तोंडावर दार आपटते आहे, असे एक माणूस मनात धरून बसला होता, आणि खरे काय ते साऱ्या जगात मला एकट्याला माहीत होते.

मास्तरांची थोरली बहीण जवळच राहत असे. छकूची ही आत्या फटकळ, पण भावावर तिचा जीव. ती आली, तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अरे, गेलेल्या माणसाच्या दारावर किती वेळा थाप मारणार आहेस? तू वाळत चाललायस. माझ्या ओळखीची एक बाई जुनी यंत्रं घेऊन जाते. आतलं सगळं पुसून टाकते म्हणे. सोमवारी पाठवते तिला."

"आत्या, आईचं घर आहे त्यात," छकू म्हणाली. "मी नकाशा काढून घेते, माझ्याकडे बघेन."

"नको," मास्तर म्हणाले. "तिला दाखवायचं नसेल तर कुठेच नको. ने म्हणावं सोमवारी."

रविवारी दुपारी दुकान बंद होते. मास्तर आत आले आणि छकूला म्हणाले, "एकदा मला चढू दे. माझ्याशी भांडण आहे तिचं, तर मीच जातो." छकूने त्यांना पुढे जायचे बटण दाखवले. ते खुर्चीत बसले, चपला काढल्या आणि पाय माझ्या पंख्यापुढे ठेवले. पडद्याकडे बघायचा त्यांना धीर होत नव्हता, म्हणून त्यांनी मान खाली घातली. एका बोटाने बटण दाबत ते दुकानातून जिन्याशी आले आणि चढू लागले.

मी किणकिणू लागलो. त्यांचे बोट थबकले. ते थांबले तसा मीही उतरलो. ते एक पायरी चढले, मी पुन्हा वाजलो. आणखी एक चढले, माझा पंखा जोरात फिरू लागला, हवा चटके बसण्याइतकी तापली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. ते एक पायरी उतरले. माझा आवाज खाली आला. ते चढले, आवाज वर गेला. असे त्यांनी बराच वेळ केले. छकूला वाटले, वडिलांना बटण जमत नाही.

"छकू, इकडे ये. ऐक," ते म्हणाले. "हा तिचा आवाज नाही."

"म्हणजे?"

"जीन्सची चौपदरी शिवण सुईखाली आली की माझ्या मशीनची मोटर अश्शीच रडते. मी लगेच पाय काढून घेतो, नाहीतर जळेल ती." त्यांनी वाकून डब्याच्या पाठीवर हात ठेवला. मी तापलेलो होतो. "अगं, कोणी रागावलेलं नाही इथे. हे बिचारं दमलंय."

मला बनवले गेले त्या दिवसापासून मला हात लावून कोणी असे म्हटले नव्हते. माझ्या वेटोळ्यांना रडता येते की नाही, मला ठाऊक नाही.

छकूने डबा उघडला आणि बॅटरीच्या उजेडात माझ्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरे पहिल्यांदा वाचली. वाचता वाचता तिने कपाळाला हात लावला. मग तिने संगणकाच्या सुट्या भागांच्या एका दुकानात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, जुना काढून घेऊन या, म्हणजे बघते. आधी भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा, आणि मग डब्याचं पुढचं बटण एकदा दाबा. त्याच्या पोटात वीज उरते, ती निघून जाऊ दे.

भिंतीवरचे बटण. बाप-लेक दोघेही त्याच्याकडे बघत राहिले.

"मी करू?" छकूने विचारले.

"नको. मी करतो." मास्तरांनी बटणावर बोट ठेवले, पण लगेच दाबले नाही. जिथे तिचे बोट टेकले होते तिथे ते आपले बोट नुसते ठेवून उभे राहिले. मग खट्ट आवाज झाला. हिरवा ठिपका विझला.

छकूने माझी वायर उपसली आणि पुढचे बटण दाबले. पोटात उरलेली वीज एकदम निघाली आणि माझा पंखा, कुठेही वायर नसताना, अर्धा फेरा फिरला. छकू दचकून मागे सरली.

मास्तर नाही दचकले. "जा आता," ते म्हणाले. मला म्हणाले की तिला, ते मी आजही सांगू शकत नाही.

वीज गेली तरी मला ऐकू येते, हे मला तेव्हाच कळले. म्हणजे आता खरे भूत मी झालो होतो. कापडी पिशवीतून मला दुकानात नेले. तिथल्या बाईंनी मला हातात घेऊन झुलवले. "हलका आहे हो. आत काही भरलेलंच नाही. पाचशे काय, ह्याच्यावर तीनशेसुद्धा टाकवत नाहीत."

"पण लिहिलंय तर पाचशे," छकू म्हणाली.

"मोठा आकडा सोडा. बारा व्होल्टची ओळ वाचायची. सगळी जड कामं तिच्यावर चालतात. ती ओळ किती वॉट पुरवते ते बघा, तीच ह्याची खरी ताकद. मग तुमचं कार्ड किती खातं, प्रोसेसर किती खातो, बाकीचं किरकोळ किती, ते मिळवायचं. आणि नेमकं तेवढ्याचंच घ्यायचं नाही. वर चांगला तिसरा हिस्सा मोकळा ठेवायचा. ही कार्डं कधीकधी एका दमात दुप्पट घास घेतात. शिवाय पेटी जुनी झाली की तिची ताकद उतरते."

"शिवणीत जादा कापडाची माया सोडतो तसं," मास्तर म्हणाले. "माणूस वाढतो, कपडा धुऊन आटतो. अंगाबरोबर कापलं की पहिल्याच वाकण्यात उसवतं."

"तसंच," बाई म्हणाल्या. मग त्यांनी ती जोडवायर उचलून छकूला दाखवली. "आणि कार्डाला हवी ती वायर पेटीकडे नसेल तर असली जोड लावू नका. पेटी वायर देत नाही म्हणजे ती नाही म्हणते आहे. तुमचं नशीब, हा स्वतःला बंद करत होता. असल्या स्वस्तातल्या पेट्या बऱ्याचदा तेवढंही करत नाहीत, सगळं घेऊन जळतात."

मास्तरांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. नवा पॉवर सप्लाय चांगला वजनदार होता. मी त्याच्याकडे बघून घेतले. त्याच्यावरचा आकडा खरा होता, आणि त्याला त्याचा काही गर्व दिसला नाही.

घरी आल्यावर मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. आत्या आली होती, उद्याचे पक्के करायला. भिंतीवरचे बटण मास्तरांनीच पुन्हा लावले. संगणक सुरू झाला, आणि त्याच्या मागून कसलाही आवाज आला नाही. दुकान. बाकडे. जिना. एकेक पायरी चढल्याचे मला फक्त छकूच्या श्वासावरून कळत होते. मी नसलेल्या अंगाने ताण घेत होतो. दाराशी आल्यावर मी मनातल्या मनात कोसळलो, सवयीने.

दार उघडले. काहीही बंद पडले नाही.

पहिल्यांदा आत्या बोलली. "केवढा उजेड आहे रे."

"एक अख्खी भिंत खिडकीची केलीय आईने," छकू म्हणाली. "बाबा, खिडकीशी बघा."

मास्तर पुढे वाकले. मग म्हणाले, "टेबल आहे."

"कटिंगचं टेबल आहे. तुमचं. शेजारी लहान आहे ते तिचं."

"उंची किती घेतलीय बघ."

छकूने बटण दाबले. "छत्तीस इंच."

खुर्ची सरकली. मास्तर दुकानात गेले, आणि गळ्यातला टेप काढून टेबलाला लावल्याचा बारीक आवाज मी कट्ट्यावरून ऐकला. टेप गुंडाळल्याचा आवाज मात्र आला नाही. छकू उठली तेव्हा आत्याने तिचा हात धरून तिला खाली बसवले. मास्तर परत आले ते दारातच उभे राहिले.

"तेवढंच आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी हेच मोजत होती ती. आणि मी तिला हाकललं."

यंत्रे नेणारी बाई सोमवारी आली ती आत्याकडे चहा पिऊन परत गेली.

आता मास्तर रोज दुपारी थोडा वेळ वरच्या खोलीत जातात. नवा पॉवर सप्लाय त्यांना अलगद वर पोचवतो. वीज गेली आणि आली की संगणक अजूनही आपणहून जागा होतो, पण बाहेर काही ऐकू जात नाही. एकदा ते छकूला फोनवर म्हणाले, "ती आता गुणगुणत नाही गं." छकू पलीकडून काय म्हणाली ते मला कळले नाही. मास्तर म्हणाले, "हो, चांगलंच आहे. दमत नाही, चांगलंच आहे." मग त्यांनी फोन ठेवला आणि खूप वेळ मशीनला हात लावला नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी संगणक घ्याल तेव्हा पडदा निवडा, बटणे निवडा, पण टेबलाखालच्या त्या पेटीलाही एकदा विचारा की बाई गं, तुला हे झेपेल का? तिच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचा. तिच्या वाट्याला थोडी माया सोडा. आणि एखादी वस्तू, किंवा एखादे माणूस, नेमक्या वेळी पाठ फिरवते असे वाटले, तर ते रागावले आहे असे लगेच धरू नका. आधी हात लावून बघा, ते तापलेले आहे का.

मला त्यांनी भंगारात दिले नाही. दुकानातल्या बाईंनी बजावले होते की ह्याला उघडू नका, म्हणून मास्तरांनी माझ्या वायरी गुंडाळून मला जाड कापडाची खोळ शिवली. कापताना कापड सरकू नये म्हणून ते मला त्याच्या टोकावर ठेवतात. हलका असलो तरी तेवढ्याला पुरतो. वरच्या खोलीचा उजेड मला कधी पेलला नाही. पण तिने तिथे मांडलेले छत्तीस इंचांचे टेबल खाली दुकानात आहे, आणि मी रोज त्यावर बसतो.